रामलिंगच्या गाडीचे रुंद टायर

मुरुडच्या रामलिंगला निवांत बसून जेवताना पाहिलेली माणसं गावात फार सापडायची नाहीत. भाकरीचा पहिला तुकडा तोंडात जातो न जातो तोच हा फोन लावणार, तिसऱ्या घासाला बोलत बोलत अंगणात जाणार आणि तिथून गाडी सुरू झाल्याचा आवाज येणार. मग आरती, म्हणजे त्याची बायको, अर्ध्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवणार. लग्न झाल्यापासूनचा तिचा हा नेम. ताट झाकताना ती बोलत नसे असं नाही, चांगलं तोंडभरून बोलायची. पण ऐकायला समोर माणूस असावा लागतो ना!

घरी जमीन होती, सोयाबीन होतं, ऊस होता, विहिरीला पाणीही बरं होतं. दुसऱ्या कुणाला एवढ्यावर सुखाची झोप लागली असती. रामलिंगने आधी शेळ्या पाळल्या. त्या व्यायच्या आत विकल्या आणि ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतली. मग बोअरच्या मशीनमध्ये भागी, मग मंडपाचं सामान, मग धर्माबादची मिरची लातुरात आणून विकायचा बेत. यातलं काही बुडालं म्हणून सुटलं, असं मुळीच नाही. उलट धंदा नीट चालायला लागला की याचं त्यात मन लागेना, अशी खोड. माणूस मात्र दिलदार. कुणाची मोटार जळाली, कुणाच्या पाहुण्याला दवाखान्यात न्यायचंय, रामलिंग सगळ्यांच्या आधी हजर. अख्ख्या गावाला सापडणारा हा गडी घरच्यांना तेवढा सापडत नसे.

त्याची एकुलती एक मुलगी ऋतुजा. ‘अप्पा निघालेच आहेत’ हे वाक्य ऐकत ती मोठी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला अप्पा निघालेच होते. लातूरच्या परीक्षेला केंद्रावर तेच सोडणार होते. ऐनवेळी कुणाचा तरी बोअर अडकला आणि आई एसटीने घेऊन गेली. नांदेडच्या वसतिगृहात पहिल्यांदा जायचं तेव्हा तर पेटी अंगणात आणून ठेवलेली, पोरगी पेटीवर बसलेली, ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी अप्पा आले नाहीत. शेवटी शेजारच्यांच्या जीपमध्ये ती गेली. रात्री बापाने फोन केला, लई वाईट वाटलं म्हणाला, आणि ते खरंही होतं. रामलिंगला वाईट वाटायचंच. फक्त वाईट वाटायलाही तो फार वेळ एका जागी थांबत नसे.

मग त्याने गाडी घेतली. लाल रंगाची, जमिनीलगत बसकी, पळायला तिखट. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाने वापरलेली. पहिल्याच आठवड्यात त्याने ती अशी दामटली, की मागे बसलेल्या आरतीने लातूरच्या अलीकडेच उतरून रिक्षा केली. त्यानंतर त्या गाडीत कुणी बसेना. रामलिंगला त्याचं काही वाटलं नाही. एकट्याने गाडी जास्त पळते, असं तो म्हणे.

ऋतुजाचं लग्न ठरलं नांदेडच्या वीरभद्रशी. मुलगा बँकेत, अंगाने किडकिडीत, बोलायला गोड. चालवायला फक्त स्कूटर येत होती. याद्या झाल्या, पाहुणे गेले, आणि ऋतुजा अंगणात येऊन बापासमोर उभी राहिली. बाप तेव्हा एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होता.

“अप्पा, मला एक पाह्यजे.”

“माग की. काय पाह्यजे?”

“नांदेडला मला तुम्हीच सोडायचं. तुमच्या गाडीत. दारापर्यंत.”

“हात्तिच्या! बाप कधी सोडायला जात असतो का? पाठराखीण म्हणून जगदेवीअक्का येणार हाय की तुझ्यासंगं.”

“आत्या येऊ द्या. तुम्हीबी या. तुम्ही मला कुठंच पोचवलं न्हाई आजवर. एवढं एकदा पोचवा.”

रामलिंगच्या हातून चप्पल सुटली. तो होकाराचं “हाव” म्हणाला, आणि त्या ‘हाव’चा त्याने मनावर असा भार घेतला की पुढचे कितीतरी दिवस त्याला दुसरं सुचेना. भाऊबंद म्हणाले, रीत नाही. तो म्हणाला, रीत गेली खड्ड्यात. आरतीने फक्त मान हलवली. तिने असे ‘हाव’ पुष्कळ ऐकले होते.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण छान चाललेल्या गोष्टीला हात लावला नाही तर तो रामलिंग कसला! लेकीला सोडायला जायचं तर गाडी दिसायला हवी, आणि त्याला वाटायला लागलं की एवढ्या देखण्या गाडीखाली चाकं हडकुळी दिसून राहिली आहेत. झालं. सकाळी वाटलं आणि दुपारी तो लातुरात जलीलच्या दारात.

जलीलचं टायरचं दुकान नांदेड रोडला. बापाचं पंक्चरचं दुकान त्याने वाढवून अलाइनमेंटचं मशीन बसवलेलं. भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांची चित्रं, आणि जिभेला हाड नाही. गावातली पोरं गाड्यांना वाट्टेल ते करून घेत, पण जलीलच्या हातून गेलेली गाडी घासत नाही, असं त्याचं नाव होतं आणि ते तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

“रुंद टायर कोणीबी चढवतो भाऊ,” तो लाल गाडीभोवती फिरत म्हणाला. “चढवल्यावर ते घासू द्यायचं न्हाई, ही खरी कारागिरी.”

नवी रुंद रिम आली, टायर आले, चाकं चढली. गाडी एकदम छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. रामलिंगने लगेच किल्लीला हात घातला, पण जलीलने आधी एक डबा आणला. त्यात कालवलेला चुना. मडगार्डच्या आतल्या कडेला त्याने बोटाने तो चुना सगळीकडे फासला, रामलिंगला एक चक्कर मारून यायला लावली आणि मग चाकाशी उकिडवा बसला. जिथला चुना पुसला, तिथे टायर घासला. साधी गोष्ट. पुढे स्टिअरिंग पुरतं वळवलं की आतल्या प्लास्टिकला लागत होतं. ते त्याने कापून मागे ओढून बांधलं. मागे पत्र्याची कड आडवी येत होती. तिच्यावर गरम हवा मारत मारत, रंगाला चीर न जाऊ देता, त्याने ती हळूहळू आत वळवली. या सगळ्या वेळात रामलिंगने समोरच्या टपरीवरचा चहा किती वेळा प्यायला, देव जाणे. पुन्हा चुना, पुन्हा चक्कर. या वेळी चुना जसाच्या तसा.

“आता माणसं बसवून बघू,” जलील म्हणाला. ही त्याची पद्धतच होती. टपरीच्या बाकड्यावर बसलेली चार माणसं बोलावून मागे-पुढे भरायची आणि गाडी स्पीडब्रेकरवरून न्यायची. बाकड्यावरच्यांनाही ती चक्कर आवडायची. दोघे जण हाक यायच्या आधीच उठून उभे राहिले.

“राहू दे,” रामलिंग म्हणाला. “माझ्या गाडीत मागं कोण बसून राहिलंय?”

“तरीबी, भाऊ. गाडी भरली की खाली बसती. मागची कड अजून थोडी—”

“मी एकटा असतो जलीलभाई. मला उशीर होऊन राहिला.”

कशाला उशीर होत होता, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खरं तर इथे जलीलने अडून बसायला हवं होतं. पण तोही गाडीच्या प्रेमात पडलेला. त्याला तिचा फोटो काढायची घाई, उजेड गेला असता. जुने टायर घेऊन जायचे का, एवढं त्याने विचारलं. रामलिंग म्हणाला, “दे कुणालाबी, मला परत बघायचे न्हाईत.” ते संध्याकाळच्या आत दुसऱ्या गाडीवर चढलेसुद्धा. आणि ज्या लग्नासाठी हे सगळं आरंभलं, त्या लग्नात गाडीत किती माणसं बसणार, हा साधा विचार या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

लग्न मुरुडला झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीच्या वेळी रामलिंग खरोखर स्टिअरिंगवर बसलेला होता. बघून आरतीला रडू आलं; मुलगी चालली म्हणून आलं की नवरा जागेवर सापडला म्हणून, ते वेगळं काढणं कठीण होतं. पुढे वीरभद्र. मागे मधोमध ऋतुजा, एका बाजूला जगदेवीआत्या, दुसऱ्या बाजूला वीरभद्रची मावशी सिद्धम्मा. दोघीही खात्यापित्या घरच्या. डिकीत लाडवांचे डबे, शिदोरी आणि पितळेचं भलंमोठं घंगाळ. वऱ्हाडाची जीप मागून येणार होती.

मुरुडच्या बाहेर पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून आवाज आला. घर्रर्र.

“रामू, काय वाजलं रे?” जगदेवीआत्या म्हणाली.

“काही न्हाई अक्का. रस्ता खराब हाय.”

रस्ता नवा कोरा होता. पुढच्या वळणाला पुन्हा घर्रर्र. मग एक लांबलचक, दात खाल्ल्यासारखा. रामलिंगने वेग कमी केला, मग वाढवला, गाडी रस्त्याच्या कडेने घेतली, मग मधून घेतली. काहीही केलं तरी ते खालचं घासणं सुटेना.

“अगंबाई, काहीतरी जळून राहिलंय,” सिद्धम्मा पदर नाकाला लावत म्हणाली.

वीरभद्र खिडकी खाली करून वाकून बघायला लागला. आरशात रामलिंगला ऋतुजाचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसती वाट बघणं होतं. काहीतरी आडवं येणारच, आता काय येतंय ते बघू, असं. मुंडावळ्यांच्या मागून ती तशी बघत होती आणि रामलिंगला कळत होतं, की पेटीवर बसलेली असताना ती अशीच बघत असणार.

लातुरात जलीलच्या दुकानासमोर त्याने गाडी उभी केली. मागून जीपही येऊन थांबली. जलील धावत आला, मागच्या चाकावर हात फिरवला आणि त्याची जीभ जन्मात पहिल्यांदा अडखळली.

“भाऊ, मागं भार पडून टायर कडेला लागून राहिलाय. रबर सोलून निघालं. असं नेलं तर अहमदपूरच्या पुढं न्हाई जायचा, फुटंल.”

“कड वाकव मग. आत्ता.”

“घाईनं पत्रा वाकत न्हाई, रंग फाटतो. आन् दोन्ही बाजू कराव्या लागतील. संध्याकाळ व्हईल.”

“दिवस बुडायच्या आत माप ओलांडायचंय,” सिद्धम्माने काचेतून सांगितलं. तिच्या बोलण्यावर अपील नव्हतं.

डिकी रिकामी केली. डबे, शिदोरी, घंगाळ, सगळं जीपमध्ये चढलं. जलीलने पत्र्याच्या कडेला चुना फासला आणि सगळ्यांना बसवून एक चक्कर मारायला लावली. चुना बोटभर पुसलेलाच. जलीलने उभं राहून हात झटकले. “मागं एक माणूस जास्त होतंय. दोघं बसले तर लागणार न्हाई. कान कापून देईन.”

मग कुणी उतरायचं? पाठराखीण उंबऱ्यापर्यंत नवरीला सोडत नाही. सिद्धम्माच्या गुडघ्यांना जीपची उंच पायरी चढवत नव्हती. वीरभद्र म्हणाला, “मामा, मी जातो जीपमध्ये, ऋतुजा पुढं बसंल.” त्यावर दोन्ही म्हाताऱ्या एकदम अंगावर आल्या, नवरदेवाला जीपमध्ये घालून एकटी नवरी दारात न्यायची म्हणजे काय! रामलिंग गाडीभोवती फिरत होता, चाकाला लाथ मारत होता, घड्याळ बघत होता. काय म्हणून हा खेळ मांडला आपण? कुणी मागितले होते रुंद टायर? लेकीने मागितली होती एक गोष्ट, नुसतं बसून गाडी चालवायची, आणि तेवढंही साधं ठेवता आलं नाही आपल्याला. त्याला स्वतःची चीड आली, अगदी थोबाडात मारून घ्यावी इतकी.

“अप्पा,” ऋतुजा गाडीतून उतरून त्याच्याजवळ आली. शालू सावरत तिने हात पुढे केला. “किल्ली द्या. मी चालवते.”

“तू?”

“मी पुढं आले की मागं दोघीच राहतात.”

“आगं पण तुला चालवता कुठं येती?”

“नांदेडला शिकले की. लायसन हाय. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.” शालूचा पदर खोचत ती म्हणाली, “हाव हाव म्हणले होते तुम्ही.”

रामलिंगला आठवेना. त्याने खरोखर आठवून पाहिलं, पण तसा फोन काही केल्या सापडेना. त्याने किल्ली दिली. पुढचं चाक किती जड वळतं, ब्रेक कसा लागतो, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ती बसून सीट पुढे ओढत होती. लाल गाडी वळून रस्त्याला लागली. जलीलने कान लावला. आवाज नाही.

“मी म्हणलं न्हवतं?” जलील म्हणाला. रामलिंगने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जीप गच्च भरलेली होती. मागे सामानात तेवढी जागा होती. घंगाळ मांडीशी धरून, लाडवाच्या डब्याला पाठ टेकून रामलिंग बसला. आयुष्यात तो कुणाच्या मागे गेला नव्हता. लाल गाडी समोर सावकाश चालली होती, ट्रॅक्टरला वाट देत, वळणावर थांबत, आणि इकडे याचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर दाबला जात होता. आता काढ पुढं. आता काढ. ती काही पुढे काढत नव्हती. चाकूर गेलं. त्याने फोन बघितला, खिशात ठेवला, परत काढला. एका खड्ड्यावरून लाल गाडी गेली तेव्हा त्याने कान टवकारले. त्याला वाटलं आवाज आला. आवाज घंगाळाचा होता.

अहमदपूरला जीप डिझेलला थांबली. लाल गाडी पुढे निघून गेली, तिकडे कुणाला कळलंही नाही. आणि तेवढ्यात मुरुडहून फोन. मंडपवाला. खांब काढताना वायर तुटली, भांडण पेटलंय, भाऊ, तुम्ही कुठं हायत? रामलिंगचा एक पाय खाली जमिनीवर आलासुद्धा. रस्त्याच्या पलीकडे लातूरला जाणारी जीप उभी, तिचा ड्रायव्हर ओळखीचा, हात करत होता. इथून उतरलं तर कुणाला दिसणार होतं? लेक तर पोचतच होती. गाडी ती चालवत होती, पाठराखीण सोबत होती, बापाचं तिथे कामच उरलं नव्हतं. तिकडे मात्र काम होतं. अंगात मुंग्या आल्यासारखं झालं त्याला.

“येऊन राहिले ना भाऊ?” लातूरच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

रामलिंगने पाय वर घेतला. फोन कानाला लावून तो म्हणाला, “मी पोरीला सोडायला चाललोय.” आणि पलीकडचं पुढचं न ऐकता त्याने फोन बंद केला. लोहा येईपर्यंत त्याचे गुडघे हलत होते, पण तो बसून राहिला.

नांदेडच्या गल्लीत जीप शिरली तेव्हा दिवस बुडायला आला होता. दारात गर्दी, उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप. आणि नवरी मापाच्या अलीकडे उभी. बायका म्हणत होत्या, चल गं, वेळ टळून राहिलीय. सिद्धम्मा तर पार कावली होती. ऋतुजा मान वळवून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती.

“जीप येऊ द्या,” ती म्हणत होती.

रामलिंग उतरला. पायांना मुंग्या आलेल्या, सदऱ्याला पितळेचा डाग, एका हातात अजून घंगाळाची कडी. ऋतुजाला तो दिसला.

“आलात, अप्पा?”

टोमणा नव्हता त्यात. तिला खरोखर नवल वाटलं होतं. ती वाट बघत थांबली होती आणि तरीही तो येईल असं तिने धरलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी दिलेली कुठलीही शिवी रामलिंगला त्या शब्दाएवढी लागली नव्हती. त्याने घंगाळ खाली ठेवलं. ऋतुजाने उजव्या पायाने माप लवंडलं आणि ती आत गेली.

गाडीची किल्ली तिच्या कमरेला खोचलेली, तशीच आत गेली. आता किल्ली मागून निघावं, असं त्याच्या मनात आलंही. पण पाहुण्यांनी पाट मांडला आणि तो बसला. ताट आलं. वरण, पोळी, त्यावर तुपाची धार. खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. रामलिंगने खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने घास घेतला. मग पुढचा.

बऱ्याच वेळाने ऋतुजा आतून लगबगीने बाहेर आली. तिच्या हातात झाकायला आणलेलं रिकामं ताट होतं. दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. अप्पा अजून जेवत होते.